हातभर जास्त

तार पुन्हा कमी पडली. परवाच दोन्ही टोकांना पीळ देऊन भीमराजनं ती जोडली होती, तीही चांगली सैल ठेवून. आज जोडाजवळ तुटलेली, आणि टोकं कितीही ओढली तरी मधे वीतभर फट. तार काही उन्हात आटत नाही. म्हणजे कुंपणाचा शेवटचा खांब, मैनाबाईच्या शेताला लागून असलेला, कोणीतरी पलीकडे सरकवत होतं.

कुंपण जुनंच. आधीच्या मालकानं ठोकलेले बाभळीचे खांब, त्यातले अर्धे वाळवीनं खाल्लेले. घर झालं की भिंतच घालू, तोवर कशाला खर्च, असं ठरलं होतं. पण घरच अडलं. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब राहिला आणि रेती मिळेना. दोन महिने याच्या-त्याच्या हातापाया पडून एक ट्रक आला. घराला लागूनच रेती टाकली, आणि तेव्हापासून ढीग रोज थोडा कमी होत चालला. माणसाचं डोकं फिरणारच की! चोर येणार कुठून? मोडक्या कुंपणातून. म्हणून गेले आठ दिवस भीमराज सब्बल आणि पक्कड घेऊन कुंपणाच्या मागं लागला होता. ढिगाभोवती त्यानं बोरीच्या काट्याही टाकल्या होत्या.

सत्यभामा, त्याची बायको, प्लॉटवरच्या टिनाच्या शेडमधे चार महिने शिजत होती. तक्रार नाही. जन्म क्वार्टरमधे गेला, आता लेक दीपा बाळंतपणाला येईल ती स्वतःच्या घरात यावी, एवढंच तिचं म्हणणं. उद्या स्लॅब पडणार म्हणून ती सकाळपासून खुशीत होती.

बाकी, भीमराजला खांबांचं कोणी काही शिकवावं हा विनोदच. वणीकडच्या जमिनीखालच्या खाणीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. कोळसा काढताना छत पेलायला मधे मधे कोळशाचेच खांब सोडतात. खाण संपत आली की मागं सरत सरत तेही काढून घेतात. जिवावरचं काम. त्यात भीमराजचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हेच सांगून त्याच्या गळ्यात हार घातला होता. आता ती खाण बंद. तिचं तोंड इथून चांगलं तीन किलोमीटर, नाल्यापलीकडे.

"भीमराजभाऊ!" हद्दीच्या धुऱ्यावर मैनाबाई उभी होती, पदर खोचून. "माह्या वावरात खांब कायले सरकवून राह्यले तुमी? एकटी बाई पाह्यली म्हणून?"

"मी? माह्याच तारा तुटून राह्यल्या बाई! अन् माह्यी रेती कोण उचलून राह्यलं, थे सांगा आधी."

"आग लागो तुमच्या रेतीले! टेप आना. मोजा आत्ताच्या आत्ता."

गेल्या वर्षीच्या सरकारी मोजणीचे आकडे दोघांनाही तोंडपाठ. रस्त्यावरच्या दगडापासून शेवटच्या खांबापर्यंत आधी भीमराजचा प्लॉट मोजला. तो हातभर जास्त भरला.

"घ्या!" मैनाबाईनं दोन्ही हात नाचवले. भीमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्या खांबापासून मैनाबाईच्या विहिरीपर्यंत तिचं शेत मोजलं. ते जेवढ्याला तेवढं भरलं. बोटभरही कमी नाही.

मैनाबाईनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

"मंग भाऊ, हे हातभर आलं कुठून?" तिचा राग कुठल्या कुठं गेला होता.

भीमराज रेतीच्या ढिगाकडे बघत होता. काट्या जिथल्या तिथं होत्या. एक पाऊल उमटलेलं नव्हतं. फक्त ढिगाच्या मधोमध खळगा पडला होता, आणि पेरताना चाड्यातलं बी खाली सरकतं तशी रेती सरकत होती. दिवसाढवळ्या, त्याच्या डोळ्यांदेखत. त्यानं काट्या फेकल्या आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी रेती उपसली. खाली हातभर रुंद भेग निघाली. ती सरळ घराच्या भिंतीखाली गेली होती.

भेगेतून गरम हवा आली. तिचा वास त्यानं बत्तीस वर्षं रोज घेतला होता. जमिनीखाली रोज तासभर चालत कामाच्या जागी जावं लागायचं. नाला ओलांडला जातो की नाही, वर कोणाचं वावर आहे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

घराच्या आत सत्यभामा बादलीनं भिंतींवर पाणी मारत होती. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. भीमराज उठून दाराच्या चौकटीशी गेला. खाणीत छत बोलायला, म्हणजे पडण्याआधी करकरायला लागलं की कोणी ओरडायचं नाही, असा दंडक होता.

"बादली ठेव तिथंच," तो अगदी हळू म्हणाला. "पळू नको. हळूहळू माह्याकडं ये."

तिनं बादली ठेवली. त्याचा चेहरा पाहून ती घाबरली. "काहून, अजी? साप निंघाला का?"

"नाही," भीमराज म्हणाला. "या घराखालचे खांब म्याच काढले होते."