दुमडलेला कोपरा

इस्त्री कागदावर टेकवता टेकवता तिचा हात थांबला. पान तिच्या मुलाचं होतं.

नव्या सरकारी दप्तरखान्यात तिचं काम एवढंच. शहरातल्या आळ्याआळ्यांतून कागद येत, ते ती कोमट इस्त्रीनं सपाट करी आणि कारकुनाकडे सरकवी. आजवर प्रत्येक आळीचं दप्तर, माणशी एक पान, आळीतच, कुणाच्या तरी फडताळात पडून असे. आता हुकूम निघाला होता: ही सगळी पानं एका छपराखाली, एकाच जिल्दीत. जिल्द बांधून झाली की तीतूनच फौजेसाठी तरुण पोरांना बोलावणी जाणार होती.

आज तिच्याच आळीचा गठ्ठा तिच्या मेजावर आला होता.

त्यांच्या आळीची नोंद ठेवणारे आजोबा मोठे देवभोळे. आपल्या हातानं कुणाचं मरण लिहायचं नाही, हा त्यांचा नेम. माणूस गेला की ते त्याच्या पानाचा वरचा कोपरा दुमडत आणि डोळे मिटून नमस्कार करत. मागे फौजेची माणसं दारोदार फिरू लागली, तेव्हा तिनं आजोबांचे पाय धरले. मग "लिहीत तर मी काहीच नाही," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी तिच्या मुलाचा कोपरा दुमडला. नमस्कार मात्र केला नाही.

तेव्हापासून मुलगा माळ्यावर. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचा. पुढं आजोबाही गेले, आणि त्यांचा कोपरा दुमडायला कुणी उरलं नाही.

कोपरा सपाट केला तर पोरगा जिवंत ठरणार. तसाच ठेवला तर साहेब विचारणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"चालव की हात," शेजारच्या मेजावरची मावशी म्हणाली. "कागद आहे तो, जावयाचा सदरा नव्हे."

तेवढ्यात पाठीमागे जोड्यांचा आवाज येऊन थांबला. दप्तरदार साहेब. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. शाईच्या एका डागापायी त्यांनी मागच्या कारकुनाला घरी बसवलं होतं.

"हा कोपरा तसाच का?"

तुटक तुटक शब्दांत तिनं आजोबांचा नेम सांगितला. साहेबांनी अख्खा गठ्ठा चाळला, दुमडलेला एकेक कोपरा पाहिला.

"म्हणजे ही सगळी गेलेली माणसं," ते कारकुनाकडे वळले. "घड्या उलगडून घ्या. आणि प्रत्येकापुढं स्पष्ट लिहा, मयत."

तिचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांचं बोट त्या पानावरून हललं नव्हतं. त्यांनी मुलाचं नाव वाचलं, खालचं आईचं नाव वाचलं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हा तुझा कोण?"

शेजारीपाजारी विचारत तेव्हा ती नुसता पदर डोळ्यांना लावी. पुढचं लोकच बोलत. ते अभद्र तिनं आजवर जिभेवर येऊ दिलं नव्हतं. देवा, माझी जीभ झडू दे, पण त्याच्या केसाला धक्का लावू नकोस, असं मनात म्हणत ती बोलली, "मुलगा. गेला."

आणि तिला रडू फुटलं. भीतीनं. इस्त्री खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी कारकुनाकडे एक नजर टाकली. मग खाली वाकून, कारकुनाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "माझाही गेला. 'मयत' हा शब्द त्याच्या नावापुढं मला माझ्या हातानं लिहावा लागला, बाई."

त्यांनी इस्त्री उचलली. कोपरा उलगडला. निजलेल्या पोराच्या कपाळावरचे केस मागं सारावेत, तशी ती अलगद फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. घडीची रेघसुद्धा उरली नाही.

"याच्यापुढं काही लिहायचं नाही. सरकारच्या जिल्दीत तरी जिवंत राहू दे त्याला," ते म्हणाले. "फौजेचं बोलावणं येईल घरी. येऊ दे. त्याला आता कशाची भीती?"