बोटभर शिवण

सदऱ्याची डावी शिवण उसवून झाली, तोच आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं. ती सुई हातात धरून तशीच बसून राहिली. घोरणं पुन्हा सुरू झालं तेव्हा तिने उजवी बाजू पुढ्यात ओढली.

शिलाई मशीन कोपऱ्यात होतं, पण त्याचा खडखडाट म्हणजे साऱ्या घराला दवंडी. म्हणून नवऱ्याचे कपडे ती हातानेच शिवायची, तो दुपारी झोपला की. दर आठवड्याला बोटभर आत. जुन्या टाक्यांच्या खुणा ओलं फडकं ठेवून इस्त्रीने घालवायच्या आणि सदरा होता त्याच खुंटीवर. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या लोकांना मापात बसवलं होतं. एवढी लबाडी तिला जड नव्हती.

जड होतं ते दुसरंच. पाहुण्यासारखे हसतमुख आलेले डॉक्टर जाताना जिन्यात थांबले होते. "पोटात गाठ आहे. तुम्ही म्हणालात म्हणून त्यांना अल्सर सांगितलाय. वजनावर लक्ष ठेवा. टिकलं, तर औषध लागू पडलं म्हणायचं, थंडी निभावतील. उतरत राहिलं, तर मुलीला लगेच बोलवा."

"वजनकाटा आणला तर ह्यांना संशय येईल," ती म्हणाली होती. "मी कपड्यांवरून सांगेन."

लेक दोन दिवसांच्या प्रवासावर नोकरीला होती. दर रविवारी फोनवर तिचा एकच प्रश्न. "आई, आता येऊ का? एकदा रजा घेतली की वर्षभर पुन्हा मिळायची नाही. तूच सांग कधी ते."

तूच सांग. त्या दोन शब्दांनी तिची झोप उडवली होती.

नवरा उठला, सदरा घालून बाहेर आला. उंचीने तो मुळातच बेताचा. जन्म गेला पोस्टात, पार्सलच्या खिडकीवर.

"बघ, कसा अंगासरसा बसलाय," तो म्हणाला. "आणि तू म्हणतेस मी खात नाही."

"मी कुठे म्हणते?" ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली. रडू आलेलं तिने आधणाच्या वाफेत लपवलं.

बाहेर झाडं निम्मी बोडकी झाली होती. ऊन चार वाजताच अंगणातून काढता पाय घ्यायचं. त्याच दिवसांत कधीतरी तिच्या लक्षात आलं की या आठवड्यात सदरा आत घ्यावा लागला नाही.

तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. आणखी एक आठवडा जाऊ दिला. सदरा तसाच नीट बसत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर पोटावरचं बटण ओढल्यासारखं दिसायला लागलं.

नवऱ्यातही फरक पडला होता. अंघोळीला तिची मदत लागायची, ती तो आता नको म्हणाला. आतून कडी लावून, वेळ घेऊन, सगळं स्वतःचं स्वतः आवरून यायचा. उठताना तिने दंडाला धरलं, की हात सोडवून घ्यायचा. "मी काय म्हातारा झालोय?" थंडीचं निमित्त करून त्याने दाढी राखली होती. जेवताना कपाळावर घाम यायचा. अन्न अंगी लागतंय, तिने मनाशी म्हटलं.

"बटण ताणतंय तुमचं," ती एकदा म्हणाली.

"पार्सल कसं गच्च भरलेलं असावं," तो म्हणाला. "वाटेत आतलं काही खुळखुळत नाही."

ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

त्या दुपारी तिने सदऱ्याची शिवण बोटभर सैल केली. आत घेतलेलं पुन्हा बाहेर. उसवता उसवता ती चक्क गुणगुणत होती.

रविवारी फोन आला. "खरंच बरे आहेत?" लेकीने विचारलं. "की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"अगं, चेहऱ्यावरून नाही म्हणत मी. दाढीत काय दिसतंय? कापडावरून म्हणते. माणूस एक वेळ खोटं बोलेल, कापड बोलत नाही."

"मग थंडी सरली की येऊ?"

 तिने सांगून टाकलं. "तेव्हाच ये. स्टेशनवर घ्यायला बाबाच येतील बघ."

फोन ठेवला तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत जागाच होता.

"काय म्हणत होती?"

"थंडी सरली की येते म्हणाली. दहा दिवस."

"आत्ता नाही येत?"

"आता काय घाई आहे?"

 तो हात गुडघ्यांवर ठेवून बाहेरच्या झाडाकडे बघत बसला. मग म्हणाला, "खरंय. काय घाई आहे."

त्याला लेकीची आठवण येते आहे, हे तिला कळलं. पण तिच्या जिवात किती महिन्यांनी जीव आला होता. तिने त्याच्या पायांवर शाल टाकली आणि कामाला लागली.

बुधवारी दुपारी ती चहा घेऊन आली, तेव्हा त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती. तिने हाक मारली. मग हात हातात घेतला. तो गार होता.

डॉक्टर त्याच गल्लीत राहायचे, पाच मिनिटांत आले. त्यांनी नाडी पाहिली, पापणी वर केली आणि तिच्याकडे न बघता छाती तपासायची नळी काढली.

"बटणं काढता का?"

तिने बटणं काढली. सदऱ्याच्या आत आणखी एक सदरा होता. त्याच्या आत लोकरीची बंडी, तिच्या आत दुसरी. डॉक्टरांचा हात थांबला. तिचा थांबला नाही. सगळ्यात आत लेकीचा स्वेटर होता, दहावीतला, आणि तोसुद्धा त्याला सैल होत होता.