हलकाच आहे

आमच्या कंपनीच्या सर्व्हर सॉफ्टवेअरसोबत एक छोटा डेटाबेस फुकट दिला जातो. तो बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणं कधीच सोडून दिलंय. आज मीटिंगमध्ये राकेश म्हणाला, "असू द्या ना मॅडम, हलकाच आहे. पडून राहील कोपऱ्यात."

मी कडाडले, "आणि बंद पडला की निस्तरणार कोण? ज्याला वाली नाही, ते लोकांच्या गळ्यात मारायचं नाही!"

डेटाबेस काढायचं ठरलं. स्वतःवर भलतीच खूश होऊन मी घरी आले.

घरी लेकीची बांधाबांध चालली होती. तनया उद्यापासून पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला मैत्रिणीबरोबर राहणार. तिच्या खोक्यात मी आमचा जुना मिक्सर हळूच सरकवला.

"आई, अगं याची कंपनीसुद्धा बुडाली!"

"असू दे गं, हलकाच आहे. पडून राहील कोपऱ्यात."

"आणि बंद पडला की? तो फक्त तुझ्या थापटीने सुरू होतो."

 

मी घाईघाईने खोक्याला चिकटपट्टी लावली. "मग बोलाव की मला. आपल्या बिबवेवाडीहून विश्रांतवाडी असं कितीसं लांब आहे?"