तुरुंगातल्या जगदेवची ओळख

नायब तहसीलदारांनी चष्मा सारखा केला आणि कैद्याच्या जबाबातलं शेवटचं वाक्य वाचलं. “मी निघालो त्या सकाळी बायकोनं माझ्या चपला कणगीत लपवल्या होत्या.” त्यांनी वर पाहून विचारलं, “खरं का हे?”

गोजराबाई पदराआड हसली. जगदेव गोव्याच्या सत्याग्रहाला गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. त्यानं जाऊ नये म्हणून तिनं चपला ज्वारीच्या कणगीत खुपसल्या होत्या, आणि त्या शोधून काढून तो गुपचूप निघून गेला होता. ही गोष्ट त्या दोघांखेरीज रिठद गावात कोणालाच ठाऊक नव्हती. म्हणजे माणूस जिवंत होता. पोर्तुगिजांच्या तुरुंगात का होईना, होता. ओसरीवरच्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. दिल्लीचं आणि पोर्तुगालचं बोलणं केव्हाच तुटलं होतं. मग तिसऱ्याच एका देशाचा साहेब मध्ये पडला, तुरुंगात जाऊन कैद्यांचे फोटो आणि जबाब घेऊन आला. हिंदुस्थानातून गेलेल्यांना सोडायला ते तयार आहेत, पण माणूस इकडचाच, हे घरच्यांनी सांगायला हवं. घरच्यांखेरीज कोणाला दाखवायचा नाही असा हुकूम असलेला फोटो त्यांनी तिच्या हातात दिला.

फोटोतला माणूस जगदेव नव्हता.

जेलात माणूस वाळतो, दाढी वाढते, हे तिला कळत होतं. पण याचं कपाळ वेगळं, कान वेगळे. आधी तिला संतापच आला. मेला चोर, माझं घरदार स्वतःचं म्हणून सांगत सुटलाय. मग राग ओसरला. कणगीतल्या चपला कोणाला चोरता येत नाहीत, त्या कोणीतरी सांगाव्या लागतात. दोघं एका कोठडीत असतील. एक मेला असेल, आणि मरता मरता आपलं नाव, आपलं घर दुसऱ्याच्या पदरात टाकून गेला असेल. ज्याला परत यायचं असतं तो आपलं नाव असं देऊन टाकत नाही.

“आपलाच हाय ना वं, बाई?” सासऱ्यानं विचारलं. “मले तं काई दिसत नाई.”

ती साहेबांकडे वळली. म्हणाली, “आन हा माणूस तिकडचाच निंघाला तं?”

“मग गोव्याचाच ठरेल. त्यांच्याच राज्यात राहून त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याला ते वीस-वीस वर्षं आत टाकतात. आपण विचारलं की म्हणतात, ही आमची घरची बाब. अशांना सोडवायला कोणत्याच देशाचा साहेब जात नाही, बाई.”

गोजराबाईनं पुन्हा फोटो पाहिला. नाही म्हटलं तर हा तिथंच कुजणार. हो म्हटलं तर जगदेवसाठी तिला गावात रडताही येणार नव्हतं.

“सांगा, कोण आहे हा? नाव काय?”

अंगणात जमलेल्या गावकऱ्यांत चुळबुळ झाली. कोतवाल पुढे आला. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यानं धन्याचं आयुष्य कमी होतं, नाव मी सांगतो, असं तो अदबीनं म्हणाला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. बाईच्याच तोंडून हवं होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं.

“जगदेव,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “हा जगदेव हाय. माहा नवरा.”

कुडापाशी उभ्या बायांनी तोंडाला पदर लावले. आनंदानं पार येडी झाली, असं कोणीतरी पुटपुटलं. सासऱ्यानं साहेबांच्या दिशेनं हात जोडले.

कमी व्हायला जगदेवचं आयुष्य आता उरलंच नव्हतं.