पाचवा ट्रे

"नाव सांगा," नवा साहेब म्हणाला. "एक नाव सांगा, आणि ही चारही पाकिटं मी इथंच फाडतो."

आक्का टेबलापाशी उभी होती. तिला बसा म्हणायचं साहेबाला सुचलं नव्हतं. चार पाकिटं पत्त्यांच्या पानांसारखी पसरलेली. सगळ्यात वरचं तिचंच.

बावीस वर्षं आक्कानं इंजेक्शनच्या बाटल्या तपासल्या होत्या. बाटली हलकेच फिरवायची, आधी काळ्या पडद्यासमोर धरायची, मग पांढऱ्या. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. काही दिसलं तर लाल ट्रे, नाही दिसलं तर हिरवा. हिरव्यातली बाटली थेट कुणाच्या तरी दंडात जायची. म्हणून टेबलावरच्या पाचही बायका कामाच्या वेळी देवघरात बसल्यासारख्या गप्प बसायच्या.

दर तीन महिन्यांनी आक्कानं चौघींना आणि स्वतःलाही शेरे द्यायचे. पाचांतल्या एकीला 'ड' दिलाच पाहिजे, असा वरचा नियम. "पाच बोटं सारखी नसतात, आक्का. एक करंगळी असणारच," जुना साहेब म्हणायचा. ड मिळाला की तीन महिने रविवारी कामावर यायचं, एवढीच शिक्षा.

करंगळी कोण, ते बाकीच्या चौघींना ठाऊक होतं. धाकटी. ती टेबलावर आली तेव्हा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. नुसती हाक मारली तरी तिचे डोळे भरायचे. चष्म्यानं तिला डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं दिसायची, बाटलीतला कण दिसायचा नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या हिरव्या ट्रेमधून आक्कानं चार वाईट बाटल्या काढल्या. तिला ड लिहायला म्हणून पेन उचललं, आणि समोर ती पदरानं चष्मा पुसत बसलेली दिसली. आक्कानं स्वतःलाच ड लिहिला.

मग चौघींनी नंबर लावले. या खेपेला मी, पुढच्या खेपेला तू. धाकटीला काही कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं. धाकटी चहाला गेली की तिचा ट्रे चौघी वाटून घ्यायच्या आणि एकेक बाटली पुन्हा बघायच्या. त्या पंधरा मिनिटांपायी चौघींचा चहा दोन वर्षं बुडाला. रविवारही गेले. कुणी कुरकुरलं नाही. "पुण्य म्हणजे काय वेगळं असतं गं?" असं त्यांतली थोरली एकदा म्हणाली होती.

नवा साहेब आला आणि त्यानं फायली मागवल्या. दोन वर्षांत ज्याच्या नावावर एक जरी ड असेल, त्याला कामावरून निरोपाचं पाकीट.

"साहेब, ते शेरे खरे नाहीत," आक्का म्हणाली होती. "आम्ही आळीपाळीनं घेतलेत."

"मग खरी कच्ची कोण?"

आक्कानं पाकिटांकडे पाहिलं. थोरलीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. दुसरीच्या पदरात दोन पोरं. तिसरी सहा बहिणींत एकटी कमावती. आक्कानं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, आणि नाव सांगितलं.

साहेबानं पाकिटांना हात लावला नाही. फाइल उघडली.

"दोन वर्षांत वरच्या मजल्यावरच्या नमुना-तपासणीतून तिचा एकही ट्रे परत आलेला नाही. तुमचे सात आलेत."

"तिचे आम्ही पुन्हा तपासतो म्हणून, साहेब. चार जणींच्या नजरेखालून जातात. आमच्या ट्रेकडे बघायला मग वेळ उरत नाही."

"तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"म्हणजे साक्षीदार कोण? ज्यांची पाकिटं इथं आहेत, त्याच चौघी." साहेब पहिल्यांदाच हसला. "पोटावर पाय आला की माणूस काहीही बोलतो, बाई. पण नवरा नसलेल्या बाईच्या ताटात माती कालवायची, आणि तेही एवढं चांगलं काम करणारीच्या? उद्या चार नव्या मुली येताहेत. त्यांना शिकवायला तीच बसेल."

आक्का चारही पाकिटं घेऊन बाहेर आली. दाराशी तिघी उभ्या होत्या.

"सांगितलंस?" थोरलीनं हळूच विचारलं.

आक्कानं मान डोलावली.

"मग?"

आक्कानं उरलेली तीन पाकिटं पुढे केली. खोटं बोलून इतके दिवस पुण्य केलं होतं. खरं बोलून तेवढं गेलं, आणि हाती काहीच लागलं नाही.

चष्म्याचं घर घ्यायला ती टेबलापाशी गेली. धाकटी एकटीच बसली होती, पाठ ताठ, दोन वर्षांत कधी बसली नव्हती तशी.

"शिपाई सांगून गेला, आक्का. फार वाईट वाटलं हो मला." तिनं एक बाटली उचलली. "पण खरं सांगू? तुम्ही सगळ्या माझ्याहून जुन्या, म्हणून बोलले नाही इतके दिवस. बाटली हातात असली ना, की जरा मन लावून बघावं माणसानं."

तिनं बाटली फिरवली. काळ्या पडद्यासमोर धरली. काचेची एक बारीक सळई, पापणीच्या केसाएवढी, आत गिरकी घेऊन तळाशी बसली. आक्काला ती उभ्या उभ्या दिसली. धाकटीनं बाटली हिरव्या ट्रेमध्ये ठेवली.

सवयीनं आक्काचा हात पुढे गेला.

धाकटीनं तो हात हळूच, अगदी मायेनं, बाजूला केला.

"असू द्या, आक्का. माझ्या ट्रेला आजवर कुणाला हात लावावा लागलाय का?"