बगळ्यासाठी उचललेला दगड

जाळ्याच्या सुतासाठी चिंधा तागाच्या पेंढ्या गावतळ्यातच कुजवायचा. तेहतीस साली त्या कुजण्याने पाणी काळं पडलं आणि मासे पोट वर करून तरंगले. गावाने तळं उपसलं. चिंधाने ताग भिजवायला लांब शेतात खड्डा खणला. मासेच नाहीत तर जाळं कशाला, म्हणून अर्धं विणलेलं जाळं आढ्याला टांगलं. दोन पावसाळे ओढ्याचं नवं पाणी तळ्यात येत राहिलं.

एका सकाळी काठावर बगळा उभा दिसला. मासे पळवतो म्हणून त्याला हाकलायची जुनी सवय. चिंधाने दगड उचलला. नंदुरबारच्या बाजाराला निघालेल्या आईने, मोगराबाईने, त्याचा हात धरला.

"मारू नको रे. रिकामा पानीमा बगळा उभा ऱ्हास का?"

चिंधा पाण्याकडे बघत राहिला. दगड त्याने टाकला नाही. जाळ्याला वजन म्हणून बांधायला तो घरी घेऊन गेला.