लाल सायकल

टीव्हीवर मंत्री शत्रूच्या विषारी वायूच्या कारखान्याचा फोटो दाखवत होते. "हा घ्या पुरावा! उगाच नाही आपण युद्धात उतरलो!" तेवढ्यात धाकटी ताडकन उठली आणि टीव्हीला नाकच लावून उभी राहिली.

"बाबा, अहो, फाटकापाशी दादाची सायकल!"

बाबांचा घास हातातच राहिला. इमारतींची छोटी मॉडेल्स बनवणं हा त्यांचा धंदा. दादा सैन्यात गेल्यापासून प्रत्येक मॉडेलच्या फाटकाशी ते नखाएवढी लाल सायकल टेकवून ठेवायचे, दादाच्या आठवणीची. हा कारखानाही त्यांनीच बनवलेला. सिनेमासाठी हवाय म्हणून सरकारी माणसं घेऊन गेली होती.

बाबांनी मंत्र्यांच्या ऑफिसात फोन लावला. "साहेब, पाया पडतो तुमच्या, तो कारखाना खोटा आहे हो! पुठ्ठ्याचा! टेबलावर मावतो!"

"काका, मुलगा आघाडीवर आहे ना तुमचा? मग असलं बोलू नये," पलीकडचा शांतपणे म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकटी रडायच्या बेतात असतानाच फोन वाजला. दादा! बाबांनी तोंड उघडलं, पण तोच घाईघाईत बोलत सुटला.

"बाबा, मी बरा आहे. कारखाना शोधतोय, अजून सापडत नाहीये. खूण काय माहितीये? फाटकाशी लाल सायकल, हुबेहूब माझ्या सायकलसारखी! ती सापडेपर्यंत कुणीच घरी परतायचं नाही, असा हुकूम आहे."